घोडा, चाप की खटका?

तापीकाठ (भुसावळ)
साडू सैन्यातून निवृत्त होऊन आता रोकड नेणाऱ्या गाडीवर रक्षक आहेत. इतकी वर्षं रिव्हॉल्व्हर होतं, आता ३२ बोअरचं नवीन पिस्तूल मिळालंय. पुस्तिका इंग्रजीत. हाताखालच्या पोरांसाठी मराठी करून द्या म्हणाले. मी लिहिलं, ‘गोळी सुटल्यावर बोट सैल करा, घोडा पूर्ववत झाला की टिक आवाज येईल.’ साडूंनी कागद खालीच ठेवला. “भाऊ, घोडा कुठं पूर्ववत होतो? तो मागंच उभा असतो. पोरगं समजेल, पिस्तूल थंड झालं.” आमच्याकडे लहानपणापासून ‘घोडा दाबला’ असंच ऐकलंय. मग ट्रिगरला काय लिहू? आणि ती टिक होते, ज्याला पुस्तिकेत ‘रिसेट’ म्हटलंय, तिला?

सातपुड्याखाली (चोपडा)
घोडा निराळा, चाप निराळा. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी परवान्याची. अंगठ्यानं चढवायचा तो घोडा, बोटानं ओढायचा तो चाप. घोडा चढवला की ते आम्हा पोरांना बांधामागं बसवत. तेव्हा चापाला बोटही लागलेलं नसायचं. भीती घोड्याची होती.

वरणगावकर
आमच्या गावच्या कारखान्यात काडतुसं बनतात, पिस्तुलं नाही. पण साडूंचं म्हणणं अगदी बरोबर. चाप ओढला की त्याला जोडलेली पट्टी सरकते आणि घोड्याला अडवून धरणारा दात सुटतो. घोडा पडतो, गोळी जाते. धक्क्यानं वरची स्लाइड मागं येते, रिकामी पुंगळी फेकते आणि घोडा पुन्हा चढवते. त्याच फेरीत स्लाइड चापाची पट्टी दातापासून अलग करते. म्हणून बोट दाबलेलंच राहिलं तरी दुसरी गोळी सुटत नाही. बोट थोडं सैल केलं की पट्टी परत दाताशी भिडते. टिक होते ती तिथं. रिव्हॉल्व्हरला मात्र चाप पार पुढं सोडावा लागतो, कारण पुढच्या गोळीचं घर तोच फिरवून आणतो. साडूंच्या बोटाला ती सवय असणार.
आणि १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलेल्या ग्लॉक पिस्तुलाला तर घोडाच नाही, आत स्प्रिंगवरची पिन असते. तिथं ‘घोडा दाबला’ कसं म्हणणार?

मराठी प्रथम (धुळे)
रिसेटला ‘पुनःसज्जता’ लिहा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही लोकांना तो जड वाटला होता. वापरला की रुळतो.

केळीबाग (रावेर)
मग ‘काडतूस’ही काढा, तो पोर्तुगीज. ‘बंदूक’ अरबीतून आली. आणि पुनःसज्जता अर्थानंही चूक आहे. पिस्तूल आधीच सज्ज झालंय, जुळायचा राहिलाय तो चाप. रिसेट शब्द आमच्या बागेत रोज आहे. व्होल्टेज पडलं, स्टार्टर ट्रिप झाला, लाल बटन दाबून रिसेट मारला, पाणी चालू. सालदारसुद्धा हेच बोलतो.

वरणगावकर
अडचण तीच आहे, दादा. स्टार्टरचा रिसेट बिघाडानंतर, हातानं. हा दर गोळीमागं होतो, बिघाड काहीच नसतो. नवखा पोरगा पिस्तुलावर बटन शोधत बसेल.

अमळनेरची लेक
आई विजेच्या बटनाला खटका म्हणते. खट वाजतो तो खटका. ‘चाप खटक्यावर आला’ लिहा, कान आणि बोट दोन्हींना कळेल. चाप म्हटलं की मला आधी केसांचा चाप आठवतो, मग उंदराचा. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. माझ्या मते तिन्हींत एकच गोष्ट आहे, ताण दाबून धरलेला.

सातपुड्याखाली (चोपडा)
खटक्याचा चाकू विसरलात, ताई. तिथं खटका दाबतात. पोरं खटका म्हणजेच ट्रिगर समजतील.

मराठी प्रथम (धुळे)
उंदराचा तो सापळा. चाप त्याचा एक भाग.

अमळनेरची लेक
आमच्या घरी अख्ख्या वस्तूलाच चाप म्हणतात. आजीसुद्धा म्हणायची.

तापीकाठ (भुसावळ)
साडूंना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, शब्द मागाहून बघू, आधी हे लिहा: ‘टिक ऐकू आली तरी घोडा मागेच आहे, पिस्तूल भरलेलं आहे. गोळी झाडायची नसेल तर बोट चापावरून बाहेर.’ तसं लिहिलं. ‘रिसेट’ची जागा मोकळी ठेवलीय.

केळीबाग (रावेर)
आपल्याकडे घोडा आणि चाप एक कसे झाले, त्याचं मूळ मला दिवाळीत दिसतं. टिकल्यांच्या पिस्तुलाचा चाप ओढला की घोडा आपोआप उठायचा आणि टिकलीवर आपटायचा. पोराला दोन्ही एकच वाटणार.

सातपुड्याखाली (चोपडा)
टिकल्यांवरून आठवलं. ठासणीच्या बंदुकीला घोड्याखाली तांब्याची छोटी टोपी लावायचे. आजोबा तिला ‘केप’ म्हणत. यावल-रावेरकडे काय म्हणत?