माणूस कशाला पाठवायचा? रोव्हर आहेत की!

तिरकस_रेषा
१९६१ मध्ये गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीभोवती एक चक्कर मारून आला आणि पुढच्या आठ वर्षांत माणूस चंद्रावर. तो वेग बघून तेव्हाच्या लोकांना २००० सालापर्यंत मंगळावर वस्ती होणार असं वाटलं असेल तर त्यांचं काही चुकलं नाही. पण झालं काय, डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परत आलं आणि त्यानंतर चंद्रावर कोणी उतरलेलंच नाही. एकूण बारा जण चालले तिथे, बस्स.

आणि या मधल्या काळात खरं काम कोणी केलं? यंत्रांनी. १९७७ ला सुटलेली दोन्ही व्हॉयेजर यानं अजून सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेरून सिग्नल पाठवतायत. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर ९० दिवसांच्या बोलीवर मंगळावर उतरला आणि २०१८ पर्यंत चालत राहिला. चंद्रावर पाण्याचा छडा लागला त्यात चांद्रयान-१ चा मोठा वाटा, त्यातही माणूस नव्हता. जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किमीवर जाऊन आपली आपण उलगडली, तिथे पाना घेऊन कोणी गेलं नव्हतं.

आता परत चंद्रावर तळ, मंगळावर शहर वगैरे गप्पा जोरात सुरू झाल्यात. मला अंतराळ संशोधन बंद करा असं अजिबात म्हणायचं नाहीये, उलट दुप्पट करा. पण त्यात माणूस कोंबायचा अट्टाहास कशासाठी? माणूस नेला की हवा, पाणी, अन्न, रेडिएशनपासून आडोसा आणि मुख्य म्हणजे परतीचा प्रवास हे सगळं न्यावं लागतं, विज्ञानाला जागा उरते ती सांदीकोपऱ्यात.

मृण्मयी_क
नेहमीचा युक्तिवाद आहे आणि ऐकायला छान वाटतो. आता दगडांचा हिशोब बघू. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. सोव्हिएतच्या लुना यानांनी माणसाशिवाय तीनदा माती आणली, तिन्हींची मिळून अर्धा किलोसुद्धा भरत नाही.

आणि नुसतं वजन नाही हो. अपोलो १७ वर हॅरिसन श्मिट होता, बारा जणांमधला एकमेव व्यावसायिक शास्त्रज्ञ, भूशास्त्राचा माणूस. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर चालताना त्याला करड्या मातीत नारिंगी रंग दिसला, तो थांबला, खणलं. प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचेचे बारीक मणी होते ते. पुढे २००८ मध्ये अपोलोने आणलेल्या अशा मण्यांत पाण्याचे अंश सापडले, म्हणजे तुम्ही चांद्रयानाचं नाव घेताय त्याच प्रश्नाचा एक धागा या माणसांनी उचललेल्या मातीत होता. रोव्हरने तिथे फोटो काढला असता, पृथ्वीवरच्या टीमने बैठक घेतली असती आणि मग ठरलं असतं की चाक वळवायचं का नाही.

ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षांत साधारण ४५ किमी गेला, अपोलो १७ ची गाडी तीन दिवसांत ३५ किमी.

शंकासुर
मृण्मयीताई, श्मिटची गोष्ट मस्तच आहे पण तुम्ही अपोलो १६ सोडून दिलंत :) चंद्राच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते ते मोजायचं उपकरण नेलं होतं, जॉन यंगचा पाय केबलमध्ये अडकला, केबल तुटली, प्रयोग संपला. माणूस हुशार असतो तसा धडपडतोही.

आणि ३८२ किलो विरुद्ध अर्धा किलो ही तुलना १९७० च्या दशकातली आहे. चीनच्या चांग-अ ६ ने २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळजवळ दोन किलो माती आणली, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूची! तिकडून माती आजवर कुठल्याच माणसाने आणलेली नाही. बाराच्या बारा जण अलीकडच्या बाजूलाच उतरले होते.

मृण्मयी_क
केबल तुटली हे खरं. पण तोच प्रयोग मंगळावर यंत्राने करायला गेले तेव्हाचं पण सांगा ना. इनसाइट लँडरवर जमिनीत पाच मीटर घुसून उष्णता मोजणारा खिळा होता, त्याला ते मोल म्हणायचे. माती अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, घर्षण मिळेना, खिळा जागच्या जागी उड्या मारत बसला. पृथ्वीवरून जवळजवळ दोन वर्षं खटपट चालली, रोबोटच्या हाताने वरून दाबून पाहिलं, बाजूने दाबून पाहिलं, शेवटी जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडला. अपोलो १५ मध्येही ड्रिलने असाच त्रास दिला होता, तिथे खोलवरच्या मातीची नळी रुतून बसली तेव्हा डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन या दोघा अंतराळवीरांनी मिळून खांदे लावून ती उपसली. हा फरक आहे. गडबड दोघांकडून होते, पण निस्तरायला तिथे कोणीतरी लागतं.

हबल या अवकाश दुर्बिणीचंही तेच. १९९० ला वर गेला, आरसा चुकीचा घासलेला निघाला, जगभर हसं झालं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच स्पेसवॉक करून तो दुरुस्त केला. आज हबलची जी चित्रं आपण बघतो त्यातली बहुतेक सगळी त्या दुरुस्तीनंतरची.

कक्षाबाह्य
तुम्ही दोघं विज्ञानाच्या तराजूत तोलताय, पण माणूस चंद्रावर विज्ञानासाठी गेलाच कधी होता? अमेरिकेला सोव्हिएतच्या पुढे जायचं होतं. १९६६ च्या सुमारास नासाला अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाच्या चार टक्क्यांहून जास्त मिळत होते, आता अर्धा टक्काही नाही. शर्यत जिंकली, पैसे आटले. अपोलो १८, १९, २० या मोहिमा तर १९७० मध्येच रद्द झाल्या होत्या, म्हणजे दुसरं लँडिंग होऊन वर्षही झालं नव्हतं. श्मिटला घेतलं तेसुद्धा अगदी शेवटच्या मोहिमेत.

म्हणून "माणूस न्यायचा का" याचं उत्तर शास्त्रज्ञ देत नाहीत, राजकारण देतं. आणि मला त्यात फार वाईटही वाटत नाही. शर्यतीतून का होईना, दगड आले.

तिरकस_रेषा
शर्यतीतून दगड आले तशा शवपेट्याही आल्या ना. अपोलो १ चे तिघं जमिनीवरच्या चाचणीत जळाले, सोव्हिएत अंतराळवीर कोमारोव १९६७ मध्ये, सोयूझ ११ चे तिघं १९७१ मध्ये, चॅलेंजर शटलचे सात, कोलंबिया शटलचे सात. शटलची एकूण १३५ उड्डाणं, त्यातली दोन यानं गेली. कुठल्याही प्रवासी वाहनाला हा हिशोब चालला असता का? शटल म्हणजे तर नेहमीची ये-जा होणार म्हणून आणलेलं यान!

आणि हे सगळं पृथ्वीच्या अंगणात. मंगळाचं बघा. क्युरिऑसिटी रोव्हर जाताना त्याच्यावरच्या उपकरणाने रेडिएशन मोजलं, त्यावरून नुसता जाण्यायेण्याचा प्रवास धरला तरी साधारण ०.६६ सीव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं माप) होतात. नासाने अंतराळवीराला अख्ख्या कारकिर्दीसाठी घातलेली मर्यादा ०.६ आहे. म्हणजे मंगळावरचा मुक्काम न धरताच मर्यादा ओलांडली. शिवाय वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतात, डोळ्यांवर परिणाम होतो. तिथे पोचल्यावर यांनी खड्डे खणायचे?

निळासावळा
मी या विषयातला नाही, पण एक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितोय. पृथ्वीवर उल्का पडली, महायुद्ध झालं, काहीही झालं तर मानवजात टिकली पाहिजे की नको? सगळे एकाच ग्रहावर राहणं धोक्याचं नाही का? पैसा, विज्ञान सगळं ठीक आहे पण हे कारण सगळ्यात मोठं आहे असं मला वाटतं.

शंकासुर
निळासावळा, भावना समजते पण हे कारण मला सगळ्यात लंगडं वाटतं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, ओझोन नाही, चुंबकीय कवच नाही, मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार. डायनासोर संपवणारी उल्का पडल्यानंतरची पृथ्वीसुद्धा राहायला मंगळापेक्षा बरी असेल, निदान श्वास तरी घेता येईल.

बंदिस्त जग चालवणं किती अवघड आहे ते इथेच करून बघितलंय की. १९९१ ला बायोस्फिअर २ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी काचेच्या प्रचंड घरात आत गेले, झाडं, माती, पाणी सगळं होतं, तरी ऑक्सिजन उतरत गेला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. इथे दार उघडता येत होतं. तिथे पृथ्वीवरून मदत पाठवायची तर यान सोडायला सोयीची वेळच २६ महिन्यांतून एकदा येते, वर प्रवासाचे सहा-सात महिने.

मृण्मयी_क
वस्तीबद्दल मीही शंकासुरांच्या बाजूने. दहा लाखांचं शहर वगैरे तारखा देणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण वस्ती आणि तळ यात फरक करा की राव!

दक्षिण ध्रुवावर अमुंडसेन १९११ च्या डिसेंबरात पोचला, महिन्याभराने रॉबर्ट स्कॉटची टीम पोचली आणि परतीच्या वाटेत सगळे गेले. त्यानंतर तिथे पुन्हा माणसाने पाय ठेवला तो थेट १९५६ मध्ये, विमानाने. चव्वेचाळीस वर्षं कोणी फिरकलं नव्हतं! तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल की झालं, झेंडा लावला, आता काय ठेवलंय तिथे. आज तिथे बारा महिने माणसं असतात, कोणी जन्मभर राहत नाही, काम करतात आणि परत येतात. चंद्राचं मला असंच होताना दिसतंय.

आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनलाही हलक्यात घेऊ नका. नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही ते रिकामं नव्हतं. तिथे घाम, लघवी, श्वासातली वाफ सगळं गाळून ९८ टक्के पाणी परत वापरण्यापर्यंत मजल गेलीय. हे काही रोव्हर पाठवून शिकता आलं नसतं.

तिरकस_रेषा
अहो, माणूस नेला नसता तर लघवी गाळायची गरजच पडली नसती!! माणूस न्यायचा म्हणून अडचण, ती सोडवली म्हणून कौतुक, आणि कौतुक आहे म्हणून परत माणूस न्या.

ध्रुवाचं उदाहरण चांगलंय, पण तिथे मधल्या काळात विमान आलं म्हणून परत जाता आलं. इथे विमानासारखं काय आलंय?

कक्षाबाह्य
आलंय की, परत उतरणारे बूस्टर. २०१५ च्या डिसेंबरात फाल्कन ९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरला तेव्हा बऱ्याच जणांना ती नुसती सर्कस वाटली होती, आज त्यात काही विशेष राहिलेलं नाही. वर जायचा खर्च खरंच उतरला. हां, त्याचा फायदा यंत्रांनाही तेवढाच होतो, हे तिरकस म्हणायच्या आत मीच म्हणतो.

मला विचाराल तर मधला रस्ता आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सिग्नल पृथ्वीवरून मंगळावर एका बाजूने पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे रोव्हर मुंगीच्या पावलाने चालतो. माणसं मंगळाभोवती कक्षेत किंवा फोबोस या मंगळाच्या चंद्रावर ठेवा आणि खालचे रोबोट थेट हातात घेऊन चालवा. खाली उतरायचं संकट नाही, आपले जंतू तिथल्या मातीत मिसळायची भीती कमी. हा जंतूंचा प्रश्न फार गंभीर आहे. तिथे जीवसृष्टी आहे का हे शोधायला जायचं आणि आधी आपलीच सांडून यायची, मग सापडलेलं कोणाचं हे कसं ठरवणार?

शंकासुर
हे पटलं, पण रेडिएशन आणि हाडांचा मुद्दा तसाच राहतो. कक्षेत तर मंगळाचं ३८ टक्के गुरुत्वाकर्षणही मिळणार नाही.

तिरकस_रेषा
माझी एकच अट. आजवर मंगळाच्या जमिनीवरून कक्षेत काहीही परत वर गेलेलं नाही. काहीही म्हणजे काहीही, इंजेन्युइटी हेलिकॉप्टरच्या ७२ छोट्या भराऱ्या सोडल्या तर जे उतरलं ते तिथेच राहिलं. पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ पासून दगडांच्या नळ्या भरतोय आणि त्या आणायची योजना खर्चापायी लोंबकळत पडलीय. बोटाएवढ्या नळ्या आणता येईनात आणि माणसं परत आणायच्या गप्पा? आधी त्या नळ्या आणा.

मृण्मयी_क
चीन तिआनवेन-३ साधारण २०२८ ला सोडणार म्हणतोय, मंगळाची माती आणायलाच. ती आली की तुमची अट पूर्ण धरायची ना? की तेव्हा नवीन अट काढाल?

तिरकस_रेषा
माती उतरू दे तरी :)