तोफेचा ‘कान’ नेमका कुठे?

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, म्हणून १ मे रोजी भाच्याला घेऊन गेलो. १८१७च्या लढाईचं सांगता सांगता बोलून गेलो की माघार घेताना तोफा शत्रूच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांच्या कानात खिळे ठोकायचे. पोरगं लगेच, ‘मामा, तोफेला कान कुठे?’ मी मोबाईलवरच्या चित्रात नळीच्या दोन बाजूंचे खुंट दाखवले, कढईला कान असतात तसे. पण त्या भरीव खुंटांत खिळा ठोकणार कसा? जाणकारांनी सांगावं.

— भाऊ, खुंट नव्हे. ते तोफ गाड्यावर टेकवायला आणि तोंड वर-खाली करायला. कान म्हणजे बुडाशी, वरच्या अंगाला पाडलेलं बारीक छिद्र. आत ठासलेल्या दारूपर्यंत आग तिथून पोचते. कानात आणि भोवती रंजक, म्हणजे बारीक दारू, घालायची, तिला बत्ती लावायची, की उडाला बार. त्या छिद्रात खिळा ठोकून वरून सपाट केला, की तोंड, नळी शाबूत असूनही तोफ मुकी. परत चालवायची तर खिळा पोखरून काढा, नाहीतर नवं छिद्र पाडा. ठासणीच्या बंदुकीचाही कानच.

— शब्द घरचा आहे. संस्कृत कर्ण, प्राकृत कण्ण, मराठी कान. कढईने कानाची पाळी घेतली, तोफेने भोक. मजा म्हणजे ‘तोफ’ तुर्की, ‘तोफखान्या’तला खाना फारसी, ‘गोलंदाजा’तला अंदाज (फेकणारा) फारसी, आणि अंगाची नावं मात्र तोंड, कान! बत्तीसुद्धा संस्कृत ‘वर्ति’ची, म्हणजे निरांजनातल्या वातीची सख्खी बहीण.

— मग ‘कान भरणे’ इथूनच आलं असणार! रंजक भरली, ठिणगी पडली, धडाम. आमच्या ऑफिसात रोज होतं.

— जुळतं झकास, पण नाही हो. चुगलखोराला संस्कृतात ‘कर्णेजप’ म्हणतात, कानाशी लागून पुटपुटणारा. तो शब्द तोफांच्या कितीतरी आधीचा. माणसांचे कान भरायला दारू कधीच लागली नाही. ‘फुसका बार’ मात्र खरंच दारूगोळ्यातला, आणि ‘प्रश्नांची सरबत्ती’सुद्धा.

— सरबत्तीचंच सांगतो. भाच्याला छिद्राचं समजावलं, आता विचारतोय, मग एकच कान का?