पहिलं स्वतंत्र बेसलाइन सर्वेक्षण: नमुना, उत्पादनखर्च आणि दरपत्रक

कोरडवाहू
कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. झालंय, नंतर एका संस्थेत डेटाचं काम केलं. आता सल्लागार म्हणून पहिलं स्वतंत्र काम मिळतंय. विदर्भातल्या सोयाबीन-तूर पट्ट्यात ४० गावांचा प्रकल्प आहे, त्याचं बेसलाइन (सुरुवातीच्या स्थितीची मोजणी) करायचंय. तीन वर्षांनी शेतकऱ्याचं निव्वळ उत्पन्न २० टक्के वाढलं का, हे याच आकड्यांशी ताडून ठरणार आहे. नेहमीच्या सूत्राने ३८४ कुटुंबं येतात, तेवढी पुरतील का? नफा कुठला खर्च धरून काढायचा? दरपत्रक कसं बांधायचं? क्लायंटला फील्डवर्क नोव्हेंबरात हवंय.

शिवारमोजणी
३८४ इथे चालणार नाही. 'किती टक्के शेतकरी ठिबक वापरतात' अशा प्रश्नासाठी, ५ टक्के चुकीची मुभा धरून तो आकडा येतो. तुम्हाला पकडायचाय सरासरी उत्पन्नातला फरक, आणि तोही प्रकल्पाबाहेरच्या गावांशी तुलना करून.

त्यासाठी ढोबळ सूत्र असं: प्रत्येक गटातली कुटुंबं = १६ × (प्रमाण विचलन ÷ पकडायचा फरक) याचा वर्ग. कोरडवाहू भागात शेती उत्पन्नाचं विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, फार मोठं असतं. समजा ते सरासरीच्या ८० टक्के आहे. २० टक्के फरक पकडायचा तर भागाकार ४, वर्ग १६, म्हणजे २५६ कुटुंबं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे दीडपट करा: ३८४. तीन वर्षांत काही कुटुंबं स्थलांतर करतात, काही नकार देतात. त्यासाठी १० टक्के गळती धरली की ४२७. म्हणजे दर गावी ११ घरं, ४० गावांत ४४०. तुलनेच्या ४० गावांत तेवढीच. एकूण ८८०.

(मधे ३८४ पुन्हा आलं तो निव्वळ योगायोग. त्यावरून क्लायंटचा गोंधळ होऊ देऊ नका.)

हाच फरक १० टक्के पकडायचा म्हटलं तर नमुना चौपट होतो. हे कराराआधी लेखी सांगा. गावं कमी करून दर गावी जास्त घरं घ्यायचा मोह टाळा. प्रवास वाचतो, पण माहितीत फारशी भर पडत नाही.

बांधावरचा_हिशोब
खर्चाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अहवाल इथेच कच्चे राहतात.

समजा एकरी ८ क्विंटल सोयाबीन, ४,५०० रुपये भाव, म्हणजे ३६,०००. बियाणं, खत, फवारणी, बाहेरचे मजूर, मळणी, घसारा, चालू भांडवलावरचं व्याज मिळून १८,०००. हा ए२ खर्च (खंडाने जमीन घेतली असेल तर तो खंडही यातच). घरच्यांचे २० दिवस ४०० रुपयांनी ८,०००. हे मिळवलं की ए२ अधिक एफएल (फॅमिली लेबर, म्हणजे घरची मजुरी). स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मिळून १०,००० धरले की सी२. आता नफा बघा: १८,०००, १०,००० किंवा शून्य. शेत तेच, शेतकरी तोच.

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पातली दीडपट हमीभावाची घोषणा ए२ अधिक एफएलवर होती आणि स्वामिनाथन आयोगाची शिफारस सी२ वर लावून धरली जाते; तो वाद याच फरकाचा आहे. तुमचा प्रश्न कुटुंबाच्या उत्पन्नाचा आहे आणि घरची मजुरी ही घराचीच कमाई, म्हणून मुख्य आकडा ए२ वरचा ठेवा. सी२ शेजारच्या रकान्यात द्या. व्याख्या बेसलाइनच्या अहवालातच छापा, म्हणजे तीन वर्षांनी दुसरा कोणी येऊन दुसरा खर्च धरणार नाही.

भावाचंही बघा. वरच्या उदाहरणात भाव ५,४०० झाला तर ७,२०० रुपये वाढले, म्हणजे ए२ नफ्यात ४० टक्के वाढ, आणि प्रकल्पाने काहीच केलेलं नाही. दोन्ही फेऱ्यांचं उत्पन्न एकाच भावाने मोजून वेगळं दाखवा.

प्रश्नावलीत हमखास चुकतं ते:
- 'किती पोती झाली' असं विचारून सोडू नका. पोतं किती किलोचं तेही विचारा आणि बाजार समितीची हिशोबपट्टी मागा. हमाली-तोलाई, ओलाव्याची कपात तिथेच कळते.
- क्षेत्र कोणी एकरात सांगतं, कोणी गुंठ्यात, आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. एकक वेगळ्या रकान्यात नोंदवा, रूपांतर नंतर करा.
- घरचं बियाणं आणि घरचं शेणखत फुकट धरलं जातं. दोन्हींना गावचा चालू दर लावा.
- 'घरच्यांनी किती दिवस काम केलं' याला उत्तर मिळतं पुरुषांचं. पेरणी, खुरपणी, फवारणी, सोंगणी असं एकेक काम घेऊन 'कोण होतं, किती दिवस' विचारा, शक्यतो बाईलाच.

पद्धत शिकायची तर इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा १९७५ पासूनचा ग्राम-अभ्यास बघा. सोलापूरचं शिरापूर, कळमण आणि अकोल्याचं कान्झरा, किनखेडा त्यात होती. तपासनीस गावात राहून दर तीन-चार आठवड्यांनी नोंदी घेत. वर्षभराचं एकदाच विचारलं की माणूस लहान खर्च विसरतो, आणि नफा फुगतो.

दरपत्रक_वाला
रक्कम आधी ठरवून मागे हिशोब जुळवू नका, दिवस मोजा. दीड तासाची मुलाखत असेल तर एक प्रगणक दिवसाला चारच करतो. ८८० घरं म्हणजे २२० प्रगणक-दिवस, दहा जणांना २२ दिवस. त्यावर ४ दिवस प्रशिक्षण, त्यातला एक दिवस नमुन्याबाहेरच्या गावात चाचणी. १० टक्के घरांची (८८) फेरतपासणी वेगळ्या माणसाकडून, आणि तिचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवा. नाहीतर घासाघीस झाली की आधी तीच कापली जाते. स्वतःचे दिवस मोजताना डेटा सफाईला किमान दोन आठवडे ठेवा.

हप्ते टक्क्यांत: आरंभ अहवालावर २०, फील्डवर्क संपल्यावर ४०, मसुद्यावर २०, अंतिमला २०. फील्डचा पैसा रोज जातो, म्हणून मधला हप्ता मोठा. '१५ कामकाजाच्या दिवसांत अभिप्राय आला नाही तर अहवाल स्वीकृत' हे कलम घालाच. जीएसटी लागू होत असेल तर १८ टक्के वेगळा दाखवा, आणि टीडीएस कापून रक्कम हातात येणार हे धरून खेळतं भांडवल ठेवा.

शिवारमोजणी
नोव्हेंबरबद्दल कोणी बोललंच नाही. सोयाबीन तेव्हा घरात आलेलं असतं, पण आंतरपिकातली तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. तेव्हा विचारलं तर तुरीचा खर्च येतो, उत्पन्न येत नाही.

कोरडवाहू
क्लायंट तारखेवर ठाम आहे. निधी मार्चच्या आत खर्च करायचाय.

शिवारमोजणी
मग दोन फेऱ्या करा. नोव्हेंबरात कुटुंब, जमीन, सोयाबीन आणि तुरीचा तोवरचा खर्च. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याच घरांना वीस मिनिटांची भेट: तूर किती, कुठे विकली, किती घरी ठेवली. घरी ठेवलेली डाळीची तूरही विक्रीच्या भावाने उत्पन्नात धरा. दुसऱ्या फेरीसाठी पहिल्याच दिवशी दोन मोबाइल नंबर घ्या, एक शेजाऱ्याचा. आणि दरपत्रकात दुसऱ्या फेरीचे प्रगणक-दिवस आत्ताच दाखवा, नंतर मिळत नाहीत.