शब्दचर्चा: ‘घालवणे’ आणि फौजीच्या घरातले शब्द

‘घालवणे’ या क्रियापदाबद्दल विचारायचं आहे.

आमच्या सातारा-कोल्हापूर भागात कुणाला निरोप द्यायला स्टँडपर्यंत जाणं म्हणजे ‘घालवायला जाणं’. ‘दादाला गाडीवर घालवून आलो’, ‘पाव्हण्यांना वेशीपर्यंत घालवलं’. आणि गमावण्यालाही हेच क्रियापद: ‘जमीन घालवली’, ‘अब्रू घालवली’, ‘हातातोंडाशी आलेलं पोर घालवलं’. एरवी संदर्भावरून अर्थ कळतो, कुणी अडत नाही. पण ज्या घरातला माणूस फौजेत आहे तिथे हे दोन अर्थ एकमेकांना फार खेटून राहतात. मला ते कळलं १९९९ च्या जूनमध्ये. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

वडील पेरणीसाठी रजेवर आले होते. कारगिलची लढाई मे महिन्यातच सुरू झाली होती, पण त्यांची पलटण दुसरीकडे होती म्हणून घरात थोडा धीर होता. मग तार आली: रजा रद्द, हजर व्हा. आईने रात्रीतून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. वडिलांची काळी पत्र्याची ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा रंग उडाला होता. ते अक्षर त्यांनी निघण्याआधी चुन्यात काडी बुडवून पुन्हा काढलं. एवढ्या घाईत त्यांना ते का करावंसं वाटलं, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. आईने हातावर दही घातलं. ते ‘येतो’ म्हणाले. पुण्याहून झेलम एक्सप्रेस पकडायची होती, म्हणून आम्ही सातारा स्टँडपर्यंत गेलो.

परतलो तेव्हा शेजारच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. ‘कुटं गेल्तीस गं?’ आई म्हणाली, ‘ह्यांना घालवून आले.’

आजी बसल्या जागेवरून उठल्या. ‘तसं म्हणू नगं. वाटंला लावून आले म्हण.’

आजींचे यजमान एकाहत्तरच्या लढाईत गेले. त्यांनाही आजी याच स्टँडवर घालवायला गेल्या होत्या. त्या दिवसापासून आईच्या तोंडून वडिलांच्या बाबतीत तो शब्द मी ऐकला नाही. पाहुण्यांना ती अजूनही ‘घालवते’, माझ्या मुलांना ‘घालवते’. वडिलांना मात्र, ते हवालदार होऊन पेन्शनीत येईपर्यंत, तिने कायम ‘वाटेला लावलं’.

बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, तोही ‘वाढवायचा’. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. हे आपल्याकडे सगळ्याच घरांत आहे. फौजीच्या घरांत अशा टाळलेल्या शब्दांची यादी जास्त लांब असावी असं मला वाटतं. तुमच्याकडे काय म्हणतात आणि काय म्हणत नाहीत?

देवरुखहून

आमच्याकडे ‘पोचवायला जाणं’. मुंबईच्या गाडीवर चाकरमान्यांना पोचवतात. पण अंत्ययात्रेला जाऊन आलं की तेव्हाही ‘पोचवून आलो’ म्हणतात, त्यामुळे हाही शब्द निर्धोक नाही. माझा चुलतभाऊ नौदलात आहे. काकू त्याच्यापुरतं ‘सोडायला गेलेलो’ म्हणते. पूर्वी मला वाटायचं मुंबईत राहून तिची भाषा शहरी झाली. तुमचं वाचल्यावर तसं वाटत नाही.

नागपूरहून

‘धाडलं’. ‘पोराला फौजेत धाडलं’. यात गमावण्याचा अर्थ नाही, पण कर्ता बघा: धाडणारा बाप असतो. पुढे काही झालं की बाप तेच क्रियापद स्वतःवर उलटवतो, ‘मीच धाडलं’. माझ्या आजोबांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले आहेत. याहून जास्त लिहवत नाही.

खटावहून, एक निवृत्त सुभेदार

मी ‘लागणे’ सुचवतो. आमच्या माण-खटावात पाऊस कमी, शेतीवर पोट भरत नाही, म्हणून घरटी एकदोन माणसं फौजेत. पोरगा भरती झाला की आम्ही म्हणतो ‘मिलिटरीत लागला’. त्या दिवशी पेढे वाटतात, कर्ज फिटायची आशा लागते, बहिणीचं लग्न ठरतं. आणि युद्ध सुरू झालं की म्हणतो ‘लढाई लागली’. ‘पाऊस लागला’ किंवा ‘आग लागली’ म्हणावं तसं. वर्तमानपत्रात युद्ध ‘पुकारतात’, ‘छेडतात’. तिथे करणारा कोणीतरी असतो. आमच्या बायकांच्या बोलण्यात लढाई कुणी केली हे येतच नाही. ती लागते. ज्यात पोरगा लागलाय तिथंच ती लागते.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये माझी कसम परेड झाली तेव्हा वडील आले होते. मराठीत ‘शपथ’ हा शब्द आहे, पण त्या परेडला घरी सगळे ‘कसम परेड’च म्हणतात. परेड संपल्यावर वडिलांनी माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच.

पुण्याहून

चर्चा चांगली चालली आहे, पण एक शंका. या सगळ्यात भीतीच भीती दिसते. सैनिकांच्या कुटुंबांना अभिमान असतो, त्याचे शब्द कुठे आहेत? ‘वीरमाता’, ‘वीरपत्नी’, ‘हुतात्मा’ हे शब्द आपण आदरानेच वापरतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजा रद्द झाल्या, तेव्हा अंगावरची हळद उतरायच्या आत हजर झालेल्या महाराष्ट्रातल्या जवानांच्या बातम्या आपण वाचल्या. त्या घरांतली माणसं कॅमेऱ्यासमोर ‘देशासाठी पाठवतोय’ म्हणत होती. ते खोटं मानायचं का?

मूळ लेखिका

अजिबात नाही, आणि तसं वाटलं असेल तर तो माझ्या लिहिण्याचा दोष. अभिमान खरा असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण पडले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे, आणि तरी त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत तिथली पोरं भरती होत राहिली. हे नुसत्या गरिबीने होत नाही. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लेफ्टनंट म्हणून लष्करात दाखल झाल्या. त्या निर्णयाला भीतीच्या रकान्यात कोण टाकेल?

पण अभिमानाचे जे शब्द तुम्ही दिलेत ते कधी मिळतात तेही बघा. आपल्या आजच्या वापरात ‘वीरपत्नी’ म्हटलं की नवरा गेलेला असतो. लष्कर ‘वीरनारी’ म्हणतं, तेही त्याच अर्थाने. नवरा सियाचीनला उभा आहे आणि बायको इकडे सासू, दोन पोरं आणि म्हैस सांभाळते आहे, तिला काय म्हणतात? ‘मिलिटरीवाल्याची बायको’. बास. ‘हुतात्मा’चंही तसंच: हुत म्हणजे आहुती दिलेला, आत्मा म्हणजे स्वतः. शब्द सुंदर आहे, पण त्यात माणूस स्वतःला अर्पण करतो. ज्या घराने त्याला दिलं ते घर शब्दाच्या बाहेर राहतं. आणि सरकारी दप्तरात ‘शहीद’ हा शब्दच नाही. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे संरक्षण खात्याने तसं सांगितलं; तिथली नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी होते. ‘अग्निवीर’ तेवढा वेगळा. २०२२ पासून ‘वीर’ हे भरतीच्या दिवशीच मिळू लागलं, चार वर्षांसाठी.

तुम्ही सिंदूरचा उल्लेख केलात म्हणून. मराठी घरात शेंदूर असतो तो मारुतीला. बाईच्या कपाळी कुंकू. मोहिमेचं नाव कळलं तेव्हा आईने मला विचारलं, ‘म्हंजे कुंकूच ना?’ मी हो म्हटलं. ती गप्प झाली. नाव तिला पटलं होतं, पहलगामला ज्या बायकांच्या डोळ्यांदेखत नवरे मारले त्यांच्यासाठी तिचा जीव तुटत होता. पण कुंकू हा शब्द लढाईच्या बातमीत ऐकून कुठल्या मिलिटरीवाल्याच्या बायकोचा हात कपाळाकडे गेला नसेल?

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं सगळ्यात खरं उत्तर १९९९ चंच आहे. पुणे आकाशवाणीच्या सकाळी सातच्या प्रादेशिक बातम्या लावून आई चुलीपुढे बसायची. शिखरं परत मिळवायची लढाई चालू होती. एका सकाळी ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘ते डोंगर परत घेऊ देत, आन् ह्ये परत येऊ देत.’ दोन्ही मागणी एका दमात, मधे ‘पण’ नाही. लढाईला तिचा पाठिंबा होता का, असं कुणी विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं. ‘माणूस द्यायला तयार आहेस का?’ असं मात्र तिला कुणी विचारलं नाही. तो आधीच गेलेला होता, झेलमने.

बडोद्याहून

‘आपला’ आणि ‘आमचा’. इतर भाषांतून मराठीकडे आलेल्या माणसाला हा फरक शिकवताना घाम फुटतो. ‘आपला’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आमचा’मध्ये नसतो. बातम्यांत ‘आपले जवान’. माझी मावशी तिच्या मुलाबद्दल बोलताना नेहमी ‘आमचा बाळू’. तो २००१ मध्ये काश्मीरमध्ये कामी आला. गावात फलक लागला, ‘आपल्या गावचा सुपुत्र’. मावशी फलकाखाली उभी राहून मला म्हणाली, ‘आता हा सगळ्यांचा झाला.’ मला ते तेव्हा अभिमानाचं वाटलं. आज नक्की सांगता येत नाही. त्यानंतर ती स्वतःही त्याला कधी ‘आमचा’ म्हणाली नाही. नुसतं ‘बाळू’.

देवरुखहून

‘निरोप’ राहिला. निरोप देतात तो जाताना, आणि निरोप येतो तो मागाहून. काकूकडे फोनवर कुणी नुसतं ‘एक निरोप आहे’ असं म्हटलं तरी ती खाली बसते. आता आम्ही सगळे ‘मेसेज आहे’ म्हणतो.

मूळ लेखिका

‘तार’ही तशीच होती. ‘तार आली’ एवढंच म्हटलं तरी बायका पदर तोंडाला लावायच्या. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या घरात कुणी केली नाही.

बडोद्याच्या ताई/दादांचं ‘आमचा-आपला’ वाचून मी काल हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. वडील पलीकडे खाटेवर होते, ऐकत होते, बोलले काही नाहीत. मला एका शब्दाचा शोध होता आणि तो तिच्याकडे असेल असं वाटत होतं. रेडिओवर नावं यायची, त्यात आपलं नसायचं, त्या क्षणी जे वाटतं त्याला काय म्हणायचं? ‘हायसं वाटलं’ म्हणवत नाही. ‘जीव भांड्यात पडला’ म्हणवत नाही. कारण ज्याचं नाव आलं तोही कुणाचा तरी ‘आमचा’ असतो. त्या जुलैमध्ये आमच्यापासून चार मैलांवरच्या गावात एकाचं पार्थिव आलं होतं. सगळा परिसर लोटला होता. आई गेली नव्हती. लोक नावं ठेवत होते, मिलिटरीवाल्याची बायको असून गेली नाही म्हणून. मीही ते मनात धरून होते.

तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, ‘आपल्यावरचं तिच्यावर गेलं, असं वाटायचं. कुठल्या तोंडानं जाणार तिच्या दारात?’

‘आपल्यावरचं दुसऱ्यावर जाणं’ हा वाक्प्रयोग मी याआधी दृष्ट किंवा आजार याबद्दलच ऐकला होता. लढाईच्या संदर्भात तो आणखी कुठे ऐकलाय का कुणी?