सातजण बसतील, पण सामान?

‘जुनी मारुती आठशे विका, सात सीटर गाडी घ्या, सगळं घर एकदम मावेल’ असा सल्ला देतात, तो अर्धाच खरा आहे. माणसं मावतात हो, सामान मावत नाही. आम्ही गेल्या वर्षी 2004 ची मारुती 800 देऊन सात सीटर अर्टिगा घेतली. तिन्ही रांगा उभ्या असल्या की मागं डिकी उरते 209 लिटर. पहिल्याच अक्कलकोट वारीला कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणी, पाण्याचा कॅन आणि दोन बॅगा ठेवल्या, दार लागेना. शेवटी डबा आईच्या मांडीवर. तिसरी रांग पाडली तर जागा 550 लिटर होते, पण मग ती पाचच माणसांची गाडी. आणि त्या रांगेत चढायला मधली सीट सरकवून वाकून शिरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं बसवू नका. शोरूममध्ये घरातल्या सगळ्यांना नेऊन, बसवून, मगच बुकिंग करा.

आठशेबद्दल एकच सांगतो. मोहोळचा एकजण घेऊन गेला. किल्ली देताना आईनं बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं, बाबा मात्र बाहेर आलेच नाहीत. डॅशबोर्डवरचा सिद्धेश्वरांचा फोटो काढायला गेलो तर डिंकानं पक्का बसलेला, निघेना. तो तसाच मोहोळला गेला. हां, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या म्हणजे काम संपलं असं समजू नका, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव बदललेलं स्वतः बघेपर्यंत मागं लागा.