माणगा बांबूचा निरीक्षण मनोरा, शेजारी घोड्यांचं रिंगण

प्रश्न: सिंधुदुर्गात पक्षी पाहायला २० फुटी मनोरा बांधायचाय. खाली मुलांना घोडे हाताळायला शिकवायचं रिंगण आणि तबेला. सगळं बांबूत होईल का?

प्रतिसाद १: मनोरा होईल. माणगा जवळपास भरीव असतो, पण तीन वर्षांपुढचीच काठी घ्या. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, भुंगा लगेच लागतो. त्यावर उपाय: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक ॲसिड. काठ्या आठवडाभर तरी पूर्ण बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. बोरॅक्सचं हे मीठ पावसात धुऊन जातं, म्हणून वळचण ३ फूट बाहेर काढा आणि खांब दीड फूट उंच चौथऱ्यावर लोखंडी बुटात (खोबणीत) बसवा. मातीत पुरलात तर वाळवी ठरलेली. खिळा नको, काठी उभी चिरते. पेराजवळ भोक पाडून बोल्ट. तिरके ताण (आडव्यातिडव्या आधारकाठ्या) चारही बाजूंना.

प्रतिसाद २: तबेल्यात मात्र बांबू नकोच! लाथेनं फुटला की चिपा सुरीसारख्या घुसतात. जाड लाकडी फळ्या, खण १२ बाय १२ फूट. मनोऱ्याचा जिना रिंगणाच्या उलट बाजूला काढा. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, वरची अचानक हालचाल त्याला बुजवते, आणि पाठीवर नवशिकं मूल असतं. मनोऱ्याची रिंगणाकडची बाजू तट्ट्यानं झाका. बोरॅक्सची टाकीही घोड्यांपासून लांब.