पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून हार्ड डिस्क कशी तपासावी आणि आलेला निकाल कसा वाचावा?

मुलुंड_सचिव

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची गृहनिर्माण संस्था आहे. देखभाल शुल्काची बिले, सभासदांची नोंदवही, ना-हरकत पत्रे, जुन्या सभांची इतिवृत्ते असा तिचा सारा कारभार कार्यालयातील एकाच डेस्कटॉपवर चालतो. संगणक बाजारातून सुटे भाग आणून जोडलेला आहे. त्यात १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. काही आठवड्यांपासून हिशेबाची फाईल उघडताना पडदा मिनिटभर गोठतो आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात काम पुढे सुरू होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसते आणि तिच्यात ‘बॅड ब्लॉक’ असे शब्द आहेत. मात्र विंडोजलाच कमांड देऊन डिस्कची स्थिती विचारली, तर उत्तर ‘ओके’ असे येते.

लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने यंत्र न उघडताच ‘सगळेच जुने झाले आहे, नवीन घ्या’ असे सांगितले. तसे असेलही, परंतु समितीपुढे खर्च मांडायचा तर काही लेखी आधार हवा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि लेखापरीक्षकांना सर्व हिशेब त्याआधी द्यायचे आहेत. पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी तपासणीची साधने असतात असे ऐकले आहे. त्यांपैकी कोणते वापरावे, तपासणीत माहिती पुसली जाण्याचा धोका असतो का आणि दोष डिस्कचाच आहे, केबलचा किंवा विंडोजचा नाही, हे कशावरून ठरवावे?

भांडुपचा_तंत्रज्ञ

तपासणीच्या आधी माहितीची प्रत काढा. संपूर्ण तपासणीत डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा छोटा कप्पा, वाचला जातो आणि आधीच थकलेल्या डिस्कला तेवढा ताणही कधीकधी अखेरचा ठरतो. संस्थेचे हिशेब आणि कागदपत्रे मिळून फार तर काही जीबी भरतील. ती आजच बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. एखाद्या फाईलपाशी प्रत काढणे अडकले, तर तिथे हटून बसू नका. ती फाईल बाजूला ठेवून बाकीच्या आधी वाचवा.

आता पेन ड्राइव्ह कशासाठी, ते सांगतो. विंडोज चालू असते तेव्हा ती त्याच डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असते: पेज फाईल, अद्यतने, विषाणूरोधकाच्या नोंदी. त्यामुळे यंत्र अडखळले तर ते डिस्कमुळे की विंडोजच्या गोंधळामुळे, हे आतून कळत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू केलेली लिनक्स प्रणाली मुख्यतः रॅममध्ये राहते आणि तुम्ही सांगितल्याशिवाय आतल्या डिस्कला हात लावत नाही. तिथेही डिस्क चुका देत असेल, तर विंडोजवरचा संशय मिटतो.

तुमच्यासाठी उबुंटू या लिनक्स प्रणालीचा पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. दुसऱ्या संगणकावर रूफस हा बूटेबल पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम वापरून तो तयार करा. त्यात पेन ड्राइव्हवरचे सर्व पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्या. विंडोज बंद करताना शिफ्ट कळ दाबून ठेवा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज एरवी अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते; शिफ्टमुळे ती पूर्ण बंद होते. मग यंत्र सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा. जोडणीच्या यंत्रांत ती मदरबोर्डप्रमाणे बदलते; बहुधा एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते. पडद्यावर ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे पर्याय आले, तर ‘ट्राय’च निवडायचा, कारण ‘इन्स्टॉल’च्या वाटेने गेल्यास डिस्क पुसली जाऊ शकते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदलले की विंडोज ती मागू शकते.

आत गेल्यावर ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा, मॉडेल क्रमांक पाहून आतली डिस्क निवडा आणि मेन्यूतून ‘स्मार्ट डेटा अँड सेल्फ-टेस्ट्स’ घ्या. ‘स्मार्ट’ म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद. आधी शॉर्ट चाचणी करा, ती दोनेक मिनिटांत संपते. नंतर एक्स्टेंडेड लावा. १ टीबीच्या डिस्कला साधारण अडीच ते तीन तास लागतात. ही चाचणी डिस्कच्या आतील नियंत्रकच करतो आणि ती केवळ वाचन करते, त्यामुळे माहिती पुसली जात नाही.

डिस्क सीगेटची असेल तर त्या कंपनीचे सीटूल्स बूटेबलही चालेल. काही ठिकाणी अल्टिमेट बूट सीडीचा सल्ला अजून दिला जातो. एके काळी ती दुरुस्तीवाल्यांचे सर्वस्व होती, परंतु ती यूईएफआय या नव्या यंत्रांतील पद्धतीने सुरू होत नाही आणि तिच्यातील बरीच साधने डॉसच्या काळातील आहेत. तुमचे यंत्र फार जुने नसेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका.

परळ_रात्रपाळी

एवढा खटाटोप कशाला, असे वाटते. विंडोजमध्येच ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या साधनाची आज्ञा ‘आर’ या पर्यायासह द्यावी, रात्रभर यंत्र चालू ठेवावे आणि सकाळी ते सुरळीत झालेले असते. आमच्या कार्यालयातील दोन यंत्रे अशीच मार्गी लागली असून ती अजून चालू आहेत.

जुना_दादरकर

परळ_रात्रपाळी यांचा सल्ला निरोगी डिस्कवरील विस्कटलेल्या फाईल-व्यवस्थेला, म्हणजे कोणती फाईल कुठे आहे याच्या नोंदीला, लागू पडतो, म्हणून त्यांची यंत्रे मार्गी लागली असावीत. येथे मात्र इव्हेंट ७ ची नोंद आहे. म्हणजे डिस्कने एखादा सेक्टर वाचता येत नसल्याचे स्वतः कळवले आहे. ‘चेकडिस्क’ खराब जागा फाईल-व्यवस्थेत ‘वापरू नये’ अशी नोंदवते आणि ज्या फाईलचा तुकडा तिथे होता, तिच्यातून तो वगळते. हिशेबाच्या फाईलमधून मधलाच तुकडा नाहीसा झाला, तर ती फाईल उघडेल की नाही, आणि उघडली तरी बेरजा जुळतील की नाही, याची खात्री कोण देणार? शिवाय ती रात्रभर त्याच खराब जागेवर पुन्हापुन्हा धडका देत राहते. प्रत सुरक्षित हाती येण्याआधी असे काहीही करू नये.

निकाल कसा वाचावा, हा प्रश्नाचा खरा गाभा आहे. स्मार्टच्या तक्त्यात वर ठळक अक्षरांत ‘पास’ किंवा ‘ओके’ लिहिलेले असते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. तो शेरा कसा ठरतो? निर्माता प्रत्येक गुणधर्माला एक उंबरठा देतो आणि गुणांकन त्याच्या खाली घसरले तरच ‘फेल’ म्हणतो. उंबरठे इतके उदार असतात की बदललेले काही डझन सेक्टरही गुणांकनाला फारसे हलवत नाहीत. विंडोजचे ‘ओके’ याच शेऱ्यावरून आलेले आहे. म्हणून शेरा सोडून उजवीकडचे कच्चे आकडे पाहावेत.

५ क्रमांकाचा गुणधर्म म्हणजे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे डिस्कला स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. प्रतीक्षेतला सेक्टर नुसत्या वाचण्याच्या प्रयत्नाने सहसा बरा होत नाही. त्यावर नव्याने काही लिहिले गेले की डिस्क ठरवते, जागा ठीक आहे की राखीव सेक्टर द्यायचा. म्हणूनच काही लोक ‘शून्ये लिहिली आणि डिस्क दुरुस्त झाली’ असे सांगतात. आकडा खरोखर शून्यावर येतो, पण जुनी माहिती गेलेली असते. मोठ्या प्रमाणावर डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीनेही या तिन्हींसह १८७ (दुरुस्त न झालेल्या चुका) आणि १८८ (वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा) असे पाच गुणधर्म धोक्याचे म्हणून पाहिले आहेत.

१९९ हा आकडा वेगळा आहे. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील प्रवासात झालेल्या चुका मोजतो, म्हणजे तिथे संशय साटा केबलवर किंवा तिच्या टोकांवर जातो. खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा आकडा आवर्जून पाहावा, कारण दमट हवेत धातूचे संपर्क खराब होतात आणि नुसती केबल बदलून आजार जातो. मात्र एकदा वाढलेला हा आकडा पुन्हा शून्य होत नाही. केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला का, एवढेच पाहायचे. सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या क्रमांकांच्या गुणधर्मांपुढे कोट्यवधींचे आकडे दिसले तर घाबरू नये. त्या कंपनीची मोजण्याची रीतच तशी आहे.

मुलुंड_सचिव

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आधी प्रत काढली. सर्व कागदपत्रे मिळाली. हिशेबाच्या चालू वर्षाच्या फाईलपाशी प्रत अडली, पण मागील महिन्याअखेरची तिची प्रत लेखापरीक्षकांकडे निघाली. त्यानंतर उबुंटूवरून तपासले. वर ‘डिस्क इज ओके’ अशा अर्थाचा शेरा आहे आणि खाली ५ पुढे २४, १९७ पुढे १६, १९८ पुढे १६, १९९ पुढे ० असे आकडे आहेत. शॉर्ट चाचणी उत्तीर्ण झाली. एक्स्टेंडेड मात्र ‘रीड फेल्युअर’ म्हणून ७० टक्के शिल्लक असतानाच थांबली. म्हणजे खराबी पहिल्या ३० टक्क्यांतच आहे आणि पुढचा भाग चांगला आहे, असे समजावे का? आणि अडलेल्या फाईलचे काय करता येईल?

भांडुपचा_तंत्रज्ञ

नाही, तसे समजू नये. ही चाचणी सहसा पहिल्या न वाचता आलेल्या सेक्टरपाशीच थांबते. पुढच्या ७० टक्क्यांबद्दल तिने काहीच सांगितलेले नाही. १९९ शून्य असल्याने केबलवरचा संशय मिटला आणि लिनक्समध्येही तीच चूक आल्याने विंडोजवरचाही. दोष डिस्कचा आहे.

अडलेल्या फाईलसाठी डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरून माहिती उचलणारे साधन वापरा. सिस्टमरेस्क्यू या पेन ड्राइव्ह प्रणालीत ते तयार मिळते. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडचणीच्या जागा वगळून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे वळते. सोबत मॅपफाईल, म्हणजे कोणता भाग वाचून झाला याची नोंद, ठेवल्यास मध्येच यंत्र बंद पडले तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे सेक्टरनिहाय हुबेहूब प्रत, घ्यायची असल्याने १ टीबीहून मोठा बाहेरचा ड्राइव्ह लागेल, मग डिस्कवर प्रत्यक्षात माहिती कितीही थोडी असो. आज्ञा देताना मूळ कोणते आणि लक्ष्य कोणते, हे मॉडेल आणि अनुक्रमांक जुळवून दोनदा पाहा. ते उलटे झाले तर चांगल्या ड्राइव्हने खराब डिस्क पुसली जाईल. फाईल दुरुस्त करण्याचे जे काही प्रयोग करायचे ते प्रतिमेच्या प्रतीवर करा, मूळ डिस्कवर नको.

जुना_दादरकर

समितीच्या टिपणीसाठी एवढे पुरे: डिस्कचा मॉडेल व अनुक्रमांक, तपासणीची तारीख, वरील चार आकडे, ‘विस्तृत स्वयंचाचणी वाचन-दोषामुळे अपूर्ण’ हे वाक्य आणि पडद्याचे छायाचित्र. कोणी ‘पण शेरा तर ओके आहे’ असे म्हटले, तर गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासावरून काढलेला निष्कर्ष सांगा: तपासणीत पहिली वाचन-चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात निकामी झालेल्या अनेक डिस्कनी आधी स्मार्टमधून कोणताही ठोस इशारा दिला नव्हता, हेही नमूद आहे. तेव्हा नव्या डिस्कचे आकडे स्वच्छ असले तरी बाहेरची प्रत नियमित काढावीच लागेल. दुकानदार संपूर्ण संगणक बदलायला सांगत होता, त्याला मात्र या आकड्यांत काही आधार नाही. मेमटेस्ट८६+ एकदा रात्रभर चालवून रॅम निर्दोष निघाली, तर केवळ डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे पुरेसे ठरेल.

अनुक्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहा, परंतु वॉरंटीत डिस्क परत करायची म्हणजे सभासदांच्या आधार आणि पॅनच्या प्रतींसह ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, हे समितीला आधी सांगा. राखीव जागेत हलवलेले जुने सेक्टर नेहमीच्या पुसण्याने पुसले जातीलच असे नाही. वॉरंटी नसेल, तर भंगारात देण्यापूर्वी ड्रिलने आतल्या तबकड्यांना आरपार भोके पाडून घ्या.